भट्टीवाल्यांची थंडी

प्रवासाच्या कचेरीतल्या मुलीने समोरची पुस्तिका मिटली आणि पुन्हा एकदा, शाळेत न जाणाऱ्या पोराला समजवावं तशा आवाजात सांगितलं, "काकू, डिसेंबरात तिथे कुणी जात नाही. पाऊस असतो. रोज असतो. ऊन औषधालाही सापडत नाही. दुपारी चहा होतोय न होतोय तोवर अंधार पडतो. बघायच्या अर्ध्या जागा बंद असतात. तुम्ही मे-जूनमध्ये जा ना. फुलं असतात, फोटोही छान येतात."

समोरच्या बाईंनी सगळं मन लावून ऐकलं. पर्स मांडीवर ओढून घेतली आणि विचारलं, "वाराही असतो का गं?"

"असतो तर. छत्री उलटी होते."

"मग डिसेंबरच," बाई म्हणाल्या.

मुलीने शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. गिऱ्हाईक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला निघालं असेल तर आपण धोंडा धरून ठेवायचा नसतो, हे त्या धंद्यात लवकर कळतं. मुलीने एवढंच सांगितलं, की त्या दिवसांत विमानात काय, हॉटेलात काय, जागाच जागा असते, ऐन वेळी आलात तरी मिळेल. आणि कागद पुढे सरकवला.

या बाई म्हणजे पाववाल्या वहिनी. अख्खी गल्ली त्यांना वहिनीच म्हणते, अगदी त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान, दुकानामागे भट्टी आणि भट्टीच्या बरोब्बर डोक्यावर राहतं घर. आता ही भट्टी नीट समजून घ्या, कारण या घरात देव, नवरा आणि सासू यांच्या आधी भट्टीचा नंबर लागतो. विटांची, लाकडावर चालणारी, एखाद्या लहान खोलीएवढी. आत जाळ करायचा, विटा तापवायच्या, निखारे बाहेर ओढून काढायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा आणि मग लांब दांड्याच्या फावड्याने पाव आत सोडायचे. पाव निघाले की पुन्हा लाकडं. थांबायचं नाही. कारण एवढा विटांचा डोंगर एकदा थंड पडला, की पुन्हा तापवायला जीव मेटाकुटीला येतो. हळूहळू, थोडा थोडा जाळ करत तापवावा लागतो. घाई केली की विटा तडकतात.

म्हणून ती कधी थंड पडलीच नव्हती. वहिनींच्या सासऱ्यांनी बांधली, पेटवली आणि तेव्हापासून ती जळतेच आहे, असं घरातलं माणूस गिऱ्हाइकाला सांगायचं. नवं गिऱ्हाईक आलं, की शेठ, म्हणजे वहिनींचे यजमान, सुटे पैसे देता देता आधी हीच गोष्ट सांगायचे. सासरे गेले तेव्हाही शेवटचं बोलले ते हेच, "भट्टीला जप." बायकोला जप म्हणाले नाहीत, आईला जप म्हणाले नाहीत. वहिनींनी ते तेव्हाच मनात टिपून ठेवलं होतं, बोलल्या मात्र नव्हत्या.

अशा घरात थंडी कुठून येणार? गल्लीतले लोक शाली पांघरून फिरायचे तेव्हा ही मंडळी खिडक्या उघड्या टाकून झोपायची. स्वयंपाकघराच्या फरशीवर चपलेशिवाय उभं राहता यायचं नाही. नळाला गरम पाणी यायचं, कुणी मागितलं नसताना. या घरात लोणी कधी घट्ट झालं नाही, ते नेहमी ओतूनच घ्यावं लागायचं. लग्न झाल्यापासून वहिनींनी स्वेटर घातला नव्हता. माहेरून आणलेला होता, तो कसर लागून गेला.

आणि म्हणूनच ते पान. बऱ्याच वर्षांपूर्वी मैद्याच्या व्यापाऱ्याने एक कॅलेंडर दिलं होतं, दर महिन्याला एका देशाचं चित्र. बाकीची चित्रं नेहमीची, समुद्र, राजवाडे, फुलांचे ताटवे. डिसेंबरचं पान वेगळं होतं. दगडी रस्ता, ओला, काळपट चकाकणारा. वर राखेच्या रंगाचं आभाळ. एक माणूस छत्री खाली ओढून, खांदे वर करून चाललेला आणि एका खिडकीत पिवळा दिवा. बस, इतकंच. वर्ष संपलं, कॅलेंडर रद्दीत गेलं, पण ते पान वहिनींनी फाडून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलं. त्या घरात तेव्हापासून बारा महिने डिसेंबरच असतो. पिठाचे हात धुताना वहिनी त्या माणसाकडे बघायच्या आणि त्यांना वाटायचं, काय नशीबवान आहे मेला, कुडकुडतोय.

याआधी दोनदा कुठेतरी जायचं ठरलं होतं आणि दोनदा फिसकटलं होतं. एकदा वहिनींच्या भावाचं लग्न होतं, एकदा नुसतंच फिरायला जायचं होतं. दोन्ही वेळा बॅग भरून झाली आणि शेठ भट्टीसमोर जाऊन उभे राहिले, मग वर येऊन म्हणाले, "तू जा. माझं काही जमत नाही." वहिनी एकट्या लग्नाला जाऊन आल्या. फिरायला मात्र एकट्या गेल्या नाहीत. एकटीने जाऊन सांगायचं कुणाला?

या वेळी मात्र बोलणं शेठनीच काढलं. उन्हाळ्यातली दुपार होती, भट्टीतून बाहेर आलेला माणूस आणि भट्टीतून बाहेर आलेला पाव यांत रंगाचाच काय तो फरक. शेठ मान पुसत त्या पानासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "तिथे खरंच इतकं गार असेल का गं?"

वहिनींनी हातातली पळी खाली ठेवली. त्या वाक्याची त्या किती वर्षं वाट बघत होत्या ते त्यांचं त्यांना माहीत. "जाऊन बघू या," त्या म्हणाल्या.

आणि मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते गल्लीने डोळ्यांनी पाहिलं. शेठना वाटलं होतं बायकोचा हट्ट आहे, पुरवू. चार दिवसांत तो हट्ट त्यांचाच होऊन बसला. भट्टीची गोष्ट मागे पडली, आता सुटे पैसे देताना ते गिऱ्हाइकाला थंडीबद्दल विचारायचे. तुम्हाला थंडी वाजते म्हणजे नक्की कुठून सुरू होते? पायातून की कानातून? नाक खरंच लाल होतं का? लोक पाव घ्यायला यायचे आणि नाकाचा दाखला देऊन जायचे.

सल्ले तर काय, न मागता गोणीने यायचे. समोरचे मास्तर म्हणाले, "अहो, ऐन हंगामात जावं माणसाने. चिखल तुडवायला एवढ्या लांब कशाला?" वहिनींची नणंद फोनवर म्हणाली, "ऊन नसेल तर बघणार काय तुम्ही?" वहिनी तिला म्हणाल्या, "ऊन बघायला आम्हाला भट्टीचं दार उघडलं की पुरतं." सासूबाई तिथेच शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या आपल्याच तंद्रीत म्हणाल्या, "धुक्यातही मजा असते हो." सगळे हसले. तुम्हाला काय माहीत, असं कुणी विचारलं नाही.

सासूबाईंचं ठरलेलं होतं. त्या लेकीकडे, म्हणजे याच नणंदेकडे राहणार. त्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता, या वयात त्या कुठे हिंडणार? पासपोर्ट काढायला दोघं निघाली तेव्हा त्याही चप्पल घालून तयार झाल्या, म्हणाल्या, "माझाही काढून टाका. कागद असावा घरात." शेठ म्हणाले, "आई, तू काय विमानातून देवळात जाणार आहेस?" पण काढला. आईचं मन कुठे मोडा.

कपड्यांचा प्रश्न मोठा होता. बाजारात मिळणाऱ्या रेनकोटांवर वहिनींचा विश्वास नव्हता, ते इथल्या पावसाचे. म्हणून खालच्या गल्लीतल्या शिंप्याकडे गडद निळं मेणकापड आणि आत लावायला लोकरीचं कापड दिलं आणि दोन रेनकोट शिवून घेतले. कापड चांगलं सढळ दिलं होतं. उरलेल्या तुकड्यांत कानटोप्या होतील का, असं वहिनींनी विचारलं, तर शिंपी टेप गळ्यात अडकवत म्हणाला, "काही उरलं नाही, वहिनी." आणि उगाच हसला. वहिनींना वाटलं, खाल्लं याने कापड. शिंपी आणि कापड म्हणजे मांजर आणि दूध, त्यांनी सोडून दिलं.

रेनकोट आले तेव्हा शेठच्या डोक्यात आलं, की एकदम तिथे जाऊन थंडीला तोंड द्यायचं म्हणजे जोखीम आहे. न तापवलेल्या भट्टीत एकदम जाळ केला तर वीट तडकते, मग तापलेल्या माणसाला एकदम गार केलं तर? हा हिशोब फक्त भट्टीवालाच करू जाणे. माणसालाही हळूहळू गार करत न्यायला हवं. झालं. बाजाराच्या मागे बर्फाचा कारखाना आहे, त्याचा मालक रोजचं गिऱ्हाईक. त्याच्याकडे बोलणी झाली. एका रविवारी रेनकोट, मोजे, मफलर अशा थाटात शेठ आणि वहिनी बर्फाच्या लाद्यांच्या खोलीत शिरले. सासूबाईही बरोबर होत्या, त्यांना घरी एकटं कसं ठेवणार?

आत गेल्यावर शेठच्या चष्म्यावर वाफ धरली आणि मग ती वाफ गोठली. वहिनींनी तोंडातून श्वास सोडला तर तो दिसला. आपला स्वतःचा श्वास. त्या सारख्या सोडून बघायला लागल्या. बोटं दुखायला लागली, कानाच्या पाळ्या आपल्या आहेत की परक्याच्या ते कळेना आणि वहिनींना इतका आनंद झाला, की त्या हसतच सुटल्या. शेठ दातावर दात आपटत म्हणत होते, "अ-अजून थोडी चालली असती." मालकाने दार उघडून सगळ्यांना बाहेर काढलं. सासूबाई मात्र एका लादीवर पोतं टाकून निवांत बसल्या होत्या. चला म्हटलं तर म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी येते." त्यांना हाताला धरून आणावं लागलं.

असा सगळा आनंदीआनंद चालला होता. दर पंधरा दिवसांनी मास्तर विचारायचे, "आणि भट्टी?" त्यावर शेठ हात उडवायचे, "वस्ताद आहेत ना."

वस्ताद म्हणजे भट्टीचे मुख्य कारागीर. शेठच्या वडिलांच्या शेवटच्या वर्षांत कामाला लागले, तेव्हा मिशा काळ्या होत्या. आता त्या पांढऱ्या आहेत की पिठाच्या आहेत, ते सांगता येत नाही. रोज पहाटे भट्टीत पहिलं लाकूड त्यांचं आणि रात्री शेवटचंही त्यांचंच. थंडीची, विमानाची, रेनकोटाची सगळी बोलणी त्यांच्या डोक्यावरून चालायची, ते कणीक तिंबत असायचे. हं नाही की हूं नाही.

एका दुपारी पाव भट्टीत सोडून वस्ताद हात धूत होते. पाण्याकडेच बघत ते म्हणाले, "शेठ, तुम्ही नसाल त्या दिवसांत मी पण जरा जाऊन येतो."

"कुठे?"

"लेकीकडे. नातू झालाय, अजून बघितला नाही. तिच्या घराच्या मागून नदी वाहते म्हणे. पाण्यात पाय सोडून बसावं म्हणतो."

शेठना आधी वाटलं वस्ताद थट्टा करताहेत. ते हसले. मग कळलं की वस्ताद हसत नाहीत. "आणि भट्टी?" त्यांनी विचारलं.

"ती तुमची आहे, शेठ," वस्ताद म्हणाले. रागाने नाही, चिडून नाही. पाव कसा झालाय हे सांगावं तसं सांगितलं.

आता यात चूक कुणाची हे सांगायला पंचांग नको. इतके महिने या लोकांनी विमानवाल्या मुलीला विचारलं, शिंप्याला विचारलं, बर्फवाल्याला विचारलं, गल्लीतल्या प्रत्येकाच्या नाकाची चौकशी केली. ज्याच्या जिवावर जायचं त्याला तेवढं विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वस्ताद त्यांना भट्टीचाच एक भाग वाटत होते, तिच्या दारासारखे. आणि रोज थंड वाऱ्याच्या गप्पा ऐकून दारालाही वारा खावासा वाटेल, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

शेठ जिना चढून वर आले. खुर्चीच्या पाठीवरचा निळा रेनकोट उचलला, नीट घडी केली आणि कपाटात ठेवला. "राहू दे मग," ते म्हणाले. "आपल्या नशिबात नाही."

वहिनींना रडू आलं. राग आला, मग पुन्हा रडू आलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात हे त्यांना माहीत होतं, पण हे विघ्न अगदी मांडवाच्या दारात आलं होतं. भिंतीवरचा माणूस छत्री घेऊन चालतच होता. त्यांना वाटलं, आता तो पिवळ्या दिव्याच्या खिडकीशी पोचेल आणि मी इथेच फरशीवर चपला घालून उभी असेन, मरेपर्यंत. डोळे पुसून त्या खाली गेल्या. वस्तादांना गळ घालायची आणि होकार घेऊनच वर यायचं, असं ठरवून गेल्या.

वस्ताद पिठाच्या पोत्यावर बसून चहा पीत होते. वहिनी म्हणाल्या, "वस्ताद, तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. आम्हाला सुचलंच नाही."

"विचारलं असतं तर राहिलो असतो हो," वस्ताद म्हणाले. "कुणी विचारलं नाही, म्हणून वाटलं आपणही जावं." मग म्हणाले, "राहू दे. तुम्ही एवढी तयारी केलीत. नदी काय पळून जात नाही. थांबतो मी."

झालं, होकार मिळाला. वहिनी आल्या होत्या त्याचसाठी. जिन्याकडे वळायचं आणि वर जाऊन सांगायचं, एवढंच उरलं होतं. पण वस्तादांनी कप खाली ठेवला तेव्हा त्यांचे हात दिसले, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, एकावर एक, एकही केस न उरलेले. हे हात त्या रोज बघत होत्या. तरी त्यांना वाटलं, की आज पहिल्यांदाच बघतेय. आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"नाही वस्ताद," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा. नातवाला बघून या."

वर येऊन त्या शेठसमोर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत जे त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते त्या म्हणाल्या. "भट्टी विझवा."

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, बाबा काय म्हणाले होते? भट्टीला जप."

"जपा ना. मी फोडायला कुठे सांगतेय? वस्ताद जाणार, आपणही जाणार. या वेळी मी एकटी नाही जाणार आणि इथेही नाही राहणार. मला तुमच्याबरोबर थंडी वाजून घ्यायचीय. सांगून ठेवते."

शेठ आईकडे वळले. आई आपल्या बाजूने बोलेल, अशी त्यांची खात्री होती. सासूबाईंनी सोललेला दाणा तोंडात टाकला. "विटा आहेत त्या, बाळा," त्या म्हणाल्या. "माणूस नाही."

दोन दिवस शेठनी नुसती दुकानदारी केली. पाव विकले, पैसे मोजले, पण गिऱ्हाइकाला ना भट्टीची गोष्ट, ना नाकाची चौकशी. तिसऱ्या दिवशी सकाळचे पाव निघाले. वस्तादांनी सवयीने लाकूड उचललं, तर शेठनी त्यांचा हात धरला. "नको," ते म्हणाले. वस्तादांना वाटलं मोळी ओली आहे. शेठ म्हणाले, "निघायला अजून महिना आहे, माहीत आहे मला. पण विझवायचीच तर आज. उद्या माझा धीर होणार नाही."

मग बातमी गल्लीभर झाली. लोक येऊन भट्टीच्या भिंतीला हात लावून जायचे. महिना-दीड महिना दुसरीकडचा पाव खावा लागणार म्हणून कुरकुरायचे. शेठ म्हणायचे, "खा. म्हणजे आमची किंमत कळेल." वस्तादांनी पिशवी उचलली. नदी बोलावत होती, ते वेळेआधीच निघाले. जाताना भट्टीच्या दाराला टाळा लावू का, असं विचारून गेले. त्यांनाही सुचत नव्हतं. भट्टी हळूहळू निवत गेली. आधी वरची फरशी सोसवायला लागली, मग नळाचं पाणी कोमट आलं, मग गार आलं. एका सकाळी वहिनी चपला न घालता स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि लोणी वाटीत घट्ट झालेलं पाहून तशाच बघत राहिल्या.

भट्टी पुरती थंड पडली तेव्हा शेठ म्हणाले, विझलीच आहे तर आतून साफ करून घेऊ, कुठे वीट ढिली असेल तर गवंडी बोलावू. टॉर्च आणि झाडणी घेऊन ते दारातून सरपटत आत गेले. वहिनी बाहेर पदर खोचून उभ्या. बराच वेळ झाडणीचा आवाज आला. मग तो थांबला.

"काय झालं?"

वहिनी दाराशी वाकल्या.

"अहो, बरे आहात ना?"

"आत ये," शेठ म्हणाले. आवाज भलताच वेगळा येत होता. "आत ये आणि बघ."

वहिनी गुडघ्यांवर आत शिरल्या. एवढी वर्षं जिच्या तोंडासमोर उभं राहून चेहरा भाजला, तिच्या पोटात आता गारवा होता, खरा गारवा. शेठनी मागच्या भिंतीवर टॉर्च धरला. काजळी झाडलेल्या जागी बाकीच्या लाल विटांत एक पट्टा पिवळसर विटांचा होता. नंतर बसवलेला. त्याच्यावर मातीचा गिलावा होता, हाताने लिंपलेला, भाजून दगडासारखा घट्ट झालेला. त्यावर बोटांचे फराटे उमटले होते. बोटं बारीक होती. आणि प्रत्येक फराट्याच्या मागे अर्धगोल रेघा होत्या, एकीशेजारी एक. लिंपताना ओल्या मातीला बांगड्या टेकल्या होत्या.

"थंड असल्याशिवाय कुणी इथे येऊ शकत नाही," शेठ म्हणाले.

"आणि तुमच्या घरात त्या काळात बांगड्या भरणारी बाई एकच होती," वहिनी म्हणाल्या.

दोघं बाहेर आली ती कोळशासारखी काळी. तशीच जिना चढली. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"दिसलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"आई, भट्टी विझली होती?"

"विझली कशाला? विझवली. मीच म्हटलं, विझवा. तू पाळण्यात होतास, तुला आत्याकडे ठेवला आणि आम्ही दोघं डोंगरावर गेलो. ऐन पावसात. तिथे सगळे उन्हाळ्यात जायचे, हॉटेलवाल्याला वाटलं वाट चुकून आलीत ही. सगळं धुकं. कठड्याशी उभं राहून एवढा मोठा डोंगर बघायचा, तर समोर काही म्हणजे काही दिसेना. तुझे बाबा म्हणाले, समोर डोंगर आहे असं धरून चाल. इतके हसलो आम्ही." सासूबाई आताही हसत होत्या. "परत आलो, तापवायची घाई केली त्यांनी, विटा तडकल्या. पुन्हा निववली. गिलावा मी लावला. त्यांना मागेपर्यंत जाता येईना, पोट सुटलं होतं ना."

"आणि लोकांना सांगत राहिले की कधी विझलीच नाही."

"धंदा आहे. सांगू देत."

शेठ खाली फरशीवर बसले. "पण आम्हाला तरी सांगायचंस. भावाच्या लग्नाला एकटी जाऊन आली ही. आम्ही दोनदा बॅगा भरून रिकाम्या केल्या, तू बघत होतीस."

"कुणी विचारलं मला?" सासूबाई म्हणाल्या. "बाप जसं सांगून गेला तसं तू धरून बसलास. भट्टीचं मला काय कळतंय, असंच चाललं होतं तुमचं."

वहिनींच्या काळजाला ते लागलं. हेच शब्द त्यांनी खाली पोत्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकले होते. आणि मग एकेक गोष्ट त्यांना आठवत गेली, धुक्यातली मजा, बर्फाच्या लादीवरचं बूड न हलवणं, कागद असावा म्हणून काढलेला पासपोर्ट. खोलीच्या कोपऱ्यात सासूबाईंची पिशवी भरून ठेवलेली होती. लेकीकडे जायची. त्या तिकडे जाणार हे दोघांनी ठरवलं होतं आणि तेही त्यांना न विचारता.

वहिनी त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. हात काळे होते म्हणून त्यांनी ते सासूबाईंच्या गुडघ्यांवर ठेवले नाहीत, मांडीतच धरले. "सासूबाई," त्या म्हणाल्या, "तुम्हाला यायचंय का आमच्याबरोबर?"

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. पापण्या दोन-तीनदा मिटल्या. "जिने फार आहेत का तिथे?" त्यांनी विचारलं.

"नसतील. असले तर हे उचलून नेतील."

शेठ तोवर उठून जिन्याशी पोचले होते, तोंड न धुताच. प्रवासाच्या कचेरीत आत्ताच्या आत्ता जायचं होतं. ती मुलगी म्हणालीच होती ना, त्या दिवसांत कुणी जात नाही, जागाच जागा असते.

सासूबाईंनी वाकून कोपऱ्यातली पिशवी जवळ ओढली. वरची लुगडी बाजूला सारली, औषधांची डबी बाजूला ठेवली आणि तळातून एक घडी काढून मांडीवर उलगडली. गडद निळं मेणकापड, आत लोकरीचं अस्तर. तिसरा रेनकोट. शिंप्याच्या त्या हसण्याचा अर्थ वहिनींना आत्ता कळला.

"गळ्याशी जरा घट्ट झालाय," सासूबाई म्हणाल्या. "ते वरचं बटण तेवढं सरकवून दे."